खर्डा ते कादंबरी : बांधणी आणि पुनर्लेखन

कादंबरी लिहिण्याची इच्छा असणाऱ्यांची मराठीत कधीच वाण नव्हती. मुंबईच्या उपनगरांत तर नोकरी, लोकलचा प्रवास आणि दोन खोल्यांचा संसार सांभाळून रात्री लिहायला बसणारी माणसे प्रत्येक पिढीत आढळतात. यांतील अनेकांचे लेखन दोन-तीनशे पानांपर्यंत जाते, शेवटच्या पानावर ‘समाप्त’ हा शब्दही पडतो, आणि तरीही त्याचे पुस्तक होत नाही. प्रकाशकाकडून हस्तलिखित परत येते किंवा लेखकालाच ते पुन्हा उघडून पाहण्याचा धीर होत नाही. अशा वेळी दोष प्रतिभेला दिला जातो. बहुतेकदा खरे कारण साधे असते. खर्डा पूर्ण झाला, म्हणजे कादंबरी पूर्ण झाली, असे गृहीत धरलेले असते.

खर्डा आणि कादंबरी यांच्यामध्ये दोन कामे उभी असतात. पहिले बांधणीचे, म्हणजे कोणती घटना कोणाच्या तोंडून, कोणत्या क्रमाने आणि किती विस्ताराने सांगायची हे ठरवण्याचे. दुसरे पुनर्लेखनाचे, म्हणजे लिहून झालेल्या मजकुराकडे परक्याच्या नजरेने पाहून तो पुन्हा घडवण्याचे. ही कामे एकापाठोपाठ एक होतात असे नाही. अनेक कादंबऱ्यांची खरी बांधणी पहिला खर्डा संपल्यानंतरच लेखकाच्या लक्षात येते. म्हणूनच पुनर्लेखन म्हणजे शुद्धलेखन तपासणे नव्हे. आपण नेमकी कोणती गोष्ट सांगत होतो, हे शोधून काढण्याचा तो काळ असतो.

‘क्रमशः’ची परंपरा

मराठी कादंबरीचा प्रारंभ बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’पासून (१८५७) मानला जातो. सामाजिक कादंबरीला स्थिर रूप दिले ते हरि नारायण आपटे यांनी. त्यांची ‘मधली स्थिति’ ‘पुणे वैभव’मध्ये १८८५ पासून, तर ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. आठवड्याला एक हप्ता या बंधनामुळे लेखनाला नियमितपणा आला, वाचकांची उत्सुकता टिकवण्याचे तंत्र हाती आले. मात्र छापून गेलेला हप्ता मागे घेता येत नाही. पंधराव्या प्रकरणात सुचलेल्या गोष्टीची पेरणी दुसऱ्या प्रकरणात करण्याची सोय अशा लेखनात नसते. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. ‘पण लक्षात कोण घेतो!’ मात्र टिकली, याचे एक कारण तिच्या बांधणीत आहे. सारी कथा यमू स्वतः सांगते. निवेदक एकच आणि ठाम असल्यामुळे हप्त्याहप्त्याने येणाऱ्या प्रसंगांना तिच्या आयुष्याचा धागा आपोआप मिळतो.

पुढे का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि मराठी लेखकाला प्रकाशनाचा दुसरा मार्ग मिळाला. दिवाळी अंकात मावेल एवढी लघुकादंबरी आधी छापायची आणि नंतर तिचा विस्तार करून पुस्तक काढायचे, ही रीत अनेकांनी पत्करली. या रीतीत पुनर्लेखनाची संधी दडलेली आहे, पण धोकाही आहे. अंकासाठी आवळलेली कथा पुस्तकासाठी नुसती सैल केली, तर पाने वाढतात, कादंबरी वाढत नाही.

चिरागनगरचा धडा

उपनगरांच्या संदर्भात कादंबरीलेखनाचा विचार अण्णाभाऊ साठे यांना वगळून करता येत नाही. वाळवा तालुक्यातील वाटेगावी १९२० मध्ये जन्मलेले अण्णाभाऊ मुंबईत आले, कामगार झाले, शाहीर झाले आणि घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत दीर्घकाळ राहिले. शाळेचे शिक्षण त्यांना जवळपास मिळालेच नव्हते. अशा परिस्थितीत त्यांनी सुमारे ३५ कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील ‘फकिरा’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अखेरच्या काळात ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरात राहायला गेले. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

‘फकिरा’ची रचना अभ्यासण्याजोगी आहे. कादंबरीचे नाव फकिराचे, पण सुरुवात त्याच्या पराक्रमाने होत नाही. आधी येतो त्याचा बाप राणोजी. गावासाठी जोगणी आणण्याचे धाडस राणोजी करतो आणि त्यात त्याचा जीव जातो. फकिराकडे कथा येते, तेव्हा त्याच्यावर काय ओझे आहे हे वाचकाला आधीच ठाऊक असते. दुष्काळात माणसे जगवण्यासाठी तो लूट करतो आणि शेवटी आपली माणसे सरकारच्या तावडीतून सुटावीत म्हणून स्वतःला स्वाधीन करतो. बापाने गावासाठी प्राण दिले, मुलगा आपल्या माणसांसाठी स्वातंत्र्य देतो. आरंभ आणि शेवट एकमेकांना उत्तर देतात. राणोजीचा भाग ‘पूर्वपीठिका’ म्हणून दोन पानांत उरकला असता, तर शेवटाचे बळ निम्मे झाले असते.

ही जाण कोठून आली? अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह अण्णाभाऊ १९४४ पासून लाल बावटा कलापथकात होते. पोवाडा आणि लोकनाट्य रचणाऱ्याला श्रोता समोर बसलेला दिसत असतो. प्रसंग लांबला की श्रोता चुळबुळ करतो, आशय सुटला की उठून जातो. कोठे ताणायचे, कोठे सोडायचे, हे तेथे रोज तपासले जाते. बांधणीचे शिक्षण केवळ पाश्चात्त्य कादंबऱ्या वाचून किंवा कार्यशाळेत बसूनच मिळते असे नाही, हे यातून दिसते. त्याचबरोबर दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. लेखणीवर पोट असलेल्या लेखकाला प्रत्येक हस्तलिखित वर्षभर बाजूला ठेवण्याची चैन परवडत नाही. पुनर्लेखनाला वेळ लागतो, आणि वेळ ही सर्वांना सारखी मिळणारी वस्तू नाही.

गोष्ट नेमकी कोणाची?

बांधणीचा पहिला प्रश्न कथानकाचा नसून मालकीचा असतो. ही गोष्ट कोणाची? एक कल्पित उदाहरण घेऊ. लालबागच्या चाळीत राहणारा एक गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात त्याचे काम जाते. थोरला मुलगा चाळीतच राहतो, धाकटा बोरिवलीला एका खोलीचे घर घेतो. पुढे अनेक वर्षांनी चाळीचा पुनर्विकास निघतो आणि नव्या जागेच्या हक्कावरून दोघा भावांत बोलणे बंद होते. आई दोन घरांच्या मध्ये अडकते. मुंबईतील असंख्य मराठी कुटुंबांना परिचित वाटेल असे हे कथाबीज आहे.

ही गोष्ट बापाची मानली, तर तिचा कणा संप हा होईल आणि भावांचे भांडण हा उपसंहार ठरेल. धाकट्याची मानली, तर घर सोडून गेल्याची टोचणी केंद्रस्थानी येईल. आईची मानली, तर सगळेच बदलते. धाकट्याच्या घरासाठी तिने आपले दागिने मोडले होते आणि थोरल्याला ते कधीच सांगितले नव्हते, अशी एक गोष्ट तिच्याजवळ असू शकते. मग भांडण जागेचे राहत नाही, न सांगितलेल्या गोष्टीचे होते. घटना त्याच असतात, कादंबऱ्या मात्र तीन होतात.

निवेदकाची निवड येथेच होते. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ची (१९६७) रचना नऊ भागांची आहे. चार भाग कर्णाचे, तर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांचा प्रत्येकी एक. या योजनेमुळे कर्ण स्वतःविषयी जे जाणत नाही, ते वाचकाला इतरांकडून कळते. अनेक निवेदक घेण्याचे समर्थन एवढेच असू शकते. प्रत्येक निवेदकाजवळ इतर कोणाजवळ नसलेले काहीतरी हवे. ते नसेल, तर एकच हकिकत चार आवाजांत ऐकावी लागते.

मालकीचा हा निर्णय पहिल्या खर्ड्यानंतरही बदलू शकतो. अमेरिकन लेखिका हार्पर ली यांनी १९५७ मध्ये प्रकाशकाकडे दिलेल्या हस्तलिखितात एक तरुणी आपल्या गावी परत येते आणि बालपण आठवते. संपादिका टे होहॉफ यांच्यासोबत त्यांनी त्यावर दोन वर्षांहून अधिक काळ काम केले. त्यातून तयार झाली ती लहान मुलीच्या काळात घडणारी ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०). मूळ हस्तलिखित ‘गो सेट अ वॉचमन’ या नावाने २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहण्याची सोय झाली. आधीच्या पुस्तकात जे आठवणींच्या रूपाने येत होते, तेच नंतर कादंबरी झाले.

काळाची चौकट

कादंबरीचा काळ जेवढा लांब, तेवढी बांधणी कठीण. विश्राम बेडेकरांनी ‘रणांगण’मध्ये (१९३९) युरोपहून मुंबईकडे येणाऱ्या बोटीचा प्रवास ही चौकट घेतली. बोट किनाऱ्याला लागली की चक्रधर आणि हॅर्टा यांचा सहवास संपणार, हे वाचकाला माहीत असते. त्यामुळे काळ हाच ताण निर्माण करतो. याउलट श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) दोन खंडांत एका घराण्याच्या पिढ्यांमागून पिढ्या उलगडते. तेथे काळाला धरून ठेवण्याचे काम गाव आणि घराणे करतात. किरण नगरकरांनी ‘सात सक्कं त्रेचाळीस’मध्ये (१९७४) तिसराच मार्ग घेतला. कुशंक पुरंदरे या निवेदकाच्या आयुष्यातील तुकडे कालक्रम मोडून पुढे-मागे येतात. मात्र क्रम मोडायचा असेल, तर तो लेखकाला स्वतःला पक्का ठाऊक असावा लागतो.

यासाठी एक साधा तक्ता उपयोगी पडतो. पहिल्या रकान्यात वर्ष, दुसऱ्यात पात्रांची वये, तिसऱ्यात घरात घडलेले आणि चौथ्यात शहरात घडलेले. उपनगरांतील कथेसाठी चौथा रकाना विशेष महत्त्वाचा असतो, कारण येथील वाचक अशा चुका लगेच पकडतो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी अंधेरीहून घाटकोपरला जाणारे पात्र बसने, रिक्षाने किंवा दादरला गाडी बदलून गेले पाहिजे. भांडुप आणि मुलुंड यांच्यामधले नाहूर स्थानक २००६ मधले, तर जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामधले राम मंदिर स्थानक २०१६ मधले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. त्या तारखेच्या आसपासची कथा त्या पुराला बगल देऊन पुढे जाऊ शकत नाही. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत स्फोट झाले. रोज संध्याकाळी बोरिवलीला परतणाऱ्या पात्राच्या घरी त्या रात्री काय घडले, याचे उत्तर लेखकाजवळ असायला हवे, मग ते पुस्तकात येवो अथवा न येवो.

शहराच्या घटना कादंबरीत कोंबाव्यात असा याचा अर्थ नाही. वरच्या उदाहरणातील आईच्या दृष्टीने संपाचा पहिला दिवस म्हणजे नवरा पाळीला न जाता घरी बसलेला पहिला दिवस. संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, ही माहिती तिच्या प्रकरणात परकी वाटेल. स्टोव्हमध्ये घालायचे रॉकेल तिने कोणाकडून उसने आणले, हे परके वाटणार नाही.

पहिला खर्डा

छापील पानावर अडीचशे ते तीनशे शब्द धरले, तर तीनशे पानांची कादंबरी सुमारे पाऊण लाख ते नव्वद हजार शब्दांची होते. रोज पाचशे शब्द लिहिणाऱ्याला ऐंशी हजार शब्दांसाठी १६० दिवस लागतात. नोकरी करणाऱ्याला सुट्या, आजारपण आणि लग्नसराई धरून हे काम वर्षभराचे आहे, असे मानून चालावे. या वर्षात मागे वळून दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा पुढे जाणे श्रेयस्कर असते. पहिलीच वीस पाने घासूनपुसून लख्ख करणाऱ्यांचा खर्डा सहसा पुढे सरकत नाही. मधेच पात्राचे नाव बदलावेसे वाटले, एखादी बहीण नकोशी झाली, तर समासात नोंद करून पुढील पाने बदल झालाच आहे असे समजून लिहावीत.

भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ (१९६३) अवघ्या काही दिवसांत लिहून काढल्याचे सर्वश्रुत आहे. तिचा दाखला देऊन पुनर्लेखनाची गरज नाकारली जाते. परंतु कागदावर उतरण्यापूर्वी एखादी कादंबरी मनात किती वर्षे घडत होती, हे दिवस मोजून कळत नाही. त्याच लेखकाची ‘हिंदू’ ही कादंबरी वाचकांनी कित्येक वर्षे वाट पाहिल्यानंतर २०१० मध्ये आली. वेग हा गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. आलेल्या मजकुराची परीक्षा दोन्ही बाबतींत सारखीच कठोर व्हायला हवी.

उलटा आराखडा

खर्डा संपल्यावर तो किमान दीड-दोन महिने बंद ठेवावा. त्यानंतर तो छापील प्रतीवर, शक्यतो एक-दोन बैठकांत, हातात पेन न घेता वाचावा. कोठे कंटाळा आला, कोठे गोंधळ झाला, एवढेच लक्षात ठेवावे. मग उलटा आराखडा करावा. लिहिण्यापूर्वी करतात तो आराखडा इच्छेचा असतो. हा प्रत्यक्ष लिहिले गेलेल्याचा असतो.

प्रत्येक प्रकरणासाठी एक कार्ड घ्यावे. त्यावर चार गोष्टी लिहाव्यात : प्रकरणात काय घडते, त्यामुळे काय बदलते, ते कोण पाहते आणि पाने किती. सर्व कार्डे जमिनीवर मांडली की दोन-अडीचशे पानांत न दिसणारे दोष पंधरा मिनिटांत दिसू लागतात. लालबाग-बोरिवलीच्या खर्ड्यात हमखास आढळेल असा दोष म्हणजे लांबलेली सुरुवात. बापाचे गाव, त्याचे मुंबईला येणे, गिरणीतली पहिली पाळी, लग्न, अशी १२० पाने होतात आणि संप अजून सुरू झालेला नसतो. लेखकाला ही पाने प्रिय असतात, कारण ती बहुधा घरच्या आठवणींतून आलेली असतात. ‘यामुळे काय बदलते’ ही ओळ मात्र त्या कार्डांवर कोरी राहते.

दुसरा नेहमीचा दोष मध्यावर असतो. आरंभ आणि शेवट आधी सुचलेले असल्यामुळे मधली प्रकरणे केवळ वर्षे भरून काढतात. सण, बारसे, बदली, पुन्हा सण. अशा जागी प्रसंगांची संख्या वाढवून उपयोग होत नाही. एका प्रसंगामुळे पुढचा अटळ झाला पाहिजे. आईने दागिने मोडले म्हणून धाकट्याचे घर झाले. घर झाले म्हणून तो चाळीतून गेला. तो गेला म्हणून बापाच्या आजारपणाचा भार थोरल्यावर आला. भार आला म्हणून खोलीवर आपलाच हक्क असे त्याला वाटू लागले. ‘आणि मग’ या शब्दांनी जोडलेले प्रसंग ‘म्हणून’ या शब्दाने जोडता आले, की मध्य उभा राहतो.

तिसरा दोष दोन पात्रे एकच काम करीत असल्याचा. सल्ला देणारा शेजारी आणि सल्ला देणारा मामा दोघेही असतील, तर एक पुरे.

कात्री आणि भर

पुनर्लेखन म्हणजे काटछाट, असा एक समज आहे. प्रत्यक्षात भरही तेवढीच घालावी लागते. खर्ड्यात लेखक ज्या प्रसंगाला घाबरतो, तो बहुधा दोन ओळींत उरकलेला असतो. ‘त्या रात्री दोघा भावांचे कडाक्याचे भांडण झाले’ असे एक वाक्य लिहून प्रकरण संपते. ज्यासाठी वाचक दोनशे पाने चालत आला, ते त्याला मिळतच नाही. उलट्या आराखड्यात अशी जागा सापडली, की ते भांडण पूर्ण लिहिले पाहिजे : कोण आधी बोलले, वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली की नाही, आई कोणाकडे पाहत होती.

काढायच्या मजकुरात पहिला क्रमांक स्पष्टीकरणांचा. प्रसंगाने जे सांगितले, तेच पुढच्या परिच्छेदात निवेदकाने पुन्हा सांगू नये. दुसरा क्रमांक संशोधनाचा. गिरणीतील खात्यांची नावे, साच्यांची रचना, जागेच्या कायद्यातील कलमे हे सारे लेखकाने मेहनतीने जमवलेले असते. त्याचा थोडा भाग पानावर येतो, उरलेला लेखकाचा आत्मविश्वास वाढवतो. काढलेली पाने फेकू नयेत, वेगळ्या फाइलमध्ये ठेवावीत. परत घेता येतील हे ठाऊक असले, की हात मोकळेपणाने चालतो.

बोली आणि संबोधने

बांधणी निश्चित झाल्यावरच भाषेकडे वळावे. जे प्रकरण पुढे काढून टाकायचे आहे, त्याची वाक्ये घासण्यात श्रम वाया जातात.

मुंबईच्या कादंबरीत भाषेचा प्रश्न पिढीचा असतो. सिंधुदुर्गातून आलेला बाप घरात मालवणी बोलेल, साताऱ्याहून आलेला घाटी वळणाचे मराठी बोलेल. चाळीत वाढलेल्या मुलांच्या तोंडी लालबागचे मराठी येईल आणि बोरिवलीत वाढलेल्या नातवंडांच्या तोंडी हिंदी-गुजराती शब्द मिसळलेले मराठी. खर्ड्यात ही सगळी माणसे पुष्कळदा लेखकाच्याच भाषेत बोलतात. उपाय सोपा आहे. एका पात्राचे सर्व संवाद वेगळे काढून सलग मोठ्याने वाचावेत. चाल एक नसेल, तर कानाला कळते.

संबोधनांचेही तसेच. नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी आई, नवऱ्याला नावाने हाक मारणारी सून, थोरल्याला ‘दादा’ म्हणून ‘तू’ म्हणणारा धाकटा. भांडणात हाच धाकटा ‘तुम्ही’वर आला, तर त्या एका शब्दात नाते तुटल्याचे कळते. मात्र आधीच्या दोनशे पानांत संबोधने काटेकोर सांभाळलेली असतील, तरच तो शब्द लागतो.

दुसरी नजर

लेखक आपल्या मजकुराला कितीही परका झाला, तरी एका मर्यादेपलीकडे त्याला तो दिसत नाही. येथे संपादकाचे काम सुरू होते. मराठीत हे काम गांभीर्याने करणाऱ्यांत गिरगावच्या मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि ‘सत्यकथा’चे राम पटवर्धन यांची नावे अग्रक्रमाने घेतली जातात. आलेल्या साहित्याचे बारकाईने वाचन, लेखकाशी सविस्तर पत्रव्यवहार आणि पुनर्लेखनाचा आग्रह ही त्यांच्या कामाची पद्धत होती. या पद्धतीवर टीकाही झाली. साठच्या दशकाच्या अखेरीस लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुण लेखकांनी ‘सत्यकथा’ची होळी केली. एका विशिष्ट अभिरुचीच्या चाळणीतून सर्व लेखन गाळले जाते, हा त्यांचा आक्षेप होता. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली.

या वादातून आजच्या लेखकाने घेण्याजोगी गोष्ट अशी, की संपादकाचे निदान आणि त्याचा उपचार या भिन्न बाबी आहेत. ‘येथे कथा अडखळते’ असे दोन-तीन वाचकांनी स्वतंत्रपणे सांगितले, तर ते बहुधा खरे असते. तेथे काय करावे याविषयी त्यांनी सुचवलेला उपाय मात्र चुकीचा असू शकतो. आपली बोली, आपला अनुभव आणि आपला क्रम यांवरचा अंतिम अधिकार लेखकाचाच.

आता सर्वच प्रकाशनसंस्थांकडे सखोल संपादन करणारा माणूस असतोच असे नाही. स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकांत तर हा टप्पा अनेकदा गाळला जातो आणि मुद्रितशोधनालाच संपादन म्हटले जाते. अशा वेळी दुसरी नजर लेखकाने स्वतःच मिळवली पाहिजे. तीन प्रकारचे वाचक पुरेसे होतात : भरपूर कादंबऱ्या वाचणारा एक, त्या विषयातले आयुष्य जगलेला एक आणि लेखकाची भीड न बाळगणारा एक. ‘आवडली का?’ असे त्यांना विचारू नये. कोठे वाचणे थांबवलेत, कोणते पात्र विसरलात, पुढे काय होईल असे वाटले होते, हे विचारावे. विलेपार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ (१९२३) किंवा मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ यांसारख्या संस्थांभोवती उपनगरांतील वाचक पिढ्यान्‌पिढ्या जमत आले आहेत. चांगला वाचक शोधण्यासाठी गिरगाव-दादर गाठलेच पाहिजे असे नाही.

कोठे थांबावे?

ढोबळमानाने तीन फेऱ्या आवश्यक मानाव्यात. पहिली बांधणीची, दुसरी प्रसंग आणि संवादांची, तिसरी वाक्यांची. मुद्रितशोधन त्यानंतर. प्रत्येक फेरीत बदल कमी होत जावेत. एखादा शब्द बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्वीचाच ठेवला जाऊ लागला, की काम संपले असे समजावे. त्यापुढची दुरुस्ती बहुधा प्रकाशनाच्या भीतीतून होते.

एवढ्या खटाटोपाची गरज काय, असे विचारले जाईल. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, चाळी पडल्या आणि त्यांतली माणसे बोरिवली, मुलुंड, भांडुप आणि त्याही पुढे पांगली. संप भोगलेली पिढी आता विरळ होत चालली आहे. तिच्या हकिकती पुढच्या पिढीच्या खर्ड्यांत, वह्यांत आणि संगणकातील फाइलींत अर्धवट पडून आहेत. हकिकत सांगणाऱ्याबरोबर संपते, किंवा तिचा खर्डा होऊन कपाटात राहतो. ज्याने ती चाळ कधी पाहिली नाही, अशा वाचकापर्यंत ती पोहोचायची असेल, तर कोणीतरी बसून ती पुन्हा बांधावी लागते, पुन्हा लिहावी लागते. चिरागनगरच्या झोपडीत बसून वाटेगावचा फकिरा साऱ्या महाराष्ट्राचा करता आला, तो याच श्रमातून.